एलडीएल ९८ आला म्हून खुश होऊ नको बे

गड्या,

तुह्या रिपोर्टचा फोटो पायला अन खालचा तुहा मेसेजही, 'एलडीएल ९८, सगळं ओके'. काहाचं ओके बे, एलडीएल म्हंजे वाईट कोलेस्टेरॉल ही एकच ओळ झाली, बाकीच्या ओळी पाय ना जरा. टोटल कोलेस्टेरॉल १८६, एचडीएल म्हंजे चांगलं कोलेस्टेरॉल ३२, ट्रायग्लिसराईड म्हंजे रक्तातली चरबी २८०. आमच्यासारख्या तालुक्याच्या लॅबमधी एलडीएल बरेचदा मोजतच नाई, हिशोबानं काढतो, टोटलमधून एचडीएल वजा अन ट्रायग्लिसराईडचा पाचवा हिस्सा वजा, फ्रीडवाल्डचा १९७२ चा फॉर्म्युला हाय तो. मंग ट्रायग्लिसराईड वाढलं का एलडीएल आपोआप कमी दिसते. तू फक्त टोटलमधून एचडीएल काढून पाय, १५४ येते, ते १३० च्या आत पायजे होतं. फुकटचा हिशोब हाय, पण कोणी करतच नाई.

अन नसांत जाऊन बसते ते कोलेस्टेरॉल वाहणारे कण. एलडीएल म्हंजे कापूस किती किंटल आला ते, गाड्या किती आल्या ते नाई. तुह्यासारख्याचे कण बारके असतेत, कमी माल नेतेत, म्हून गाड्या जास्त. दर कणावर ॲपोबी नावाचं प्रोटीन एकच असते, ते मोजलं का कण मोजल्यासारखंच झालं, म्हून पहिली टेस्ट ॲपोबीची.

दुसरी टेस्ट लायपोप्रोटीन ए, एलडीएलसारखाच एक कण हाय तो, अन ही टेस्ट तुह्यासाठी जास्त महत्त्वाची वाटते मले. बाबा ४८ व्या वर्षी वावरातच गेले, दादाले चाळिशीतच स्टेंट पडला, ना दारू ना शुगर. हे आईबापाकडून येते, पथ्यपाण्यानं हालत नाई, स्टॅटिन म्हंजे कोलेस्टेरॉलच्या गोळीनंही उतरत नाई, म्हून जिंदगीत एकदा केली तरी बहुतेकांले पुरते. ५० मिलिग्रॅमच्या वर आलं त डॉक्टर एलडीएल अजून खाली आणतीन, बीपी सांभाळतीन, अन पोराइचीही टेस्ट करा लागन. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मधी सांगतलं का ही टेस्ट सगळ्यायनं एकदा तरी करावं.

ते सत्तर टेस्टचं पॅकेज घेऊ नको, त्यात थायरॉइडपासून सगळं असते अन बरेचदा ह्याच दोन नसतेत.

सोमवारी सकाळी ये, सॅम्पल नागपूरले जाते, रिपोर्टले दोनतीन दिवस लागतेत. ट्रायग्लिसराईडही परत करू, म्हून बारा तास उपाशी पायजे. परवा एक जण रात्री सावजी हाणून आलता, ट्यूब फिरवून काढली त वरचं सीरम पिवळं असाले पायजे ते पांढरंफटक, परत बोलवा लागला त्याले. पाणी पी, पण तंबाखूचा खर्रा सकाळीच तोंडात टाकू नको, अन दादाची फाईल घेऊन येजो, रिपोर्ट आल्यावर डॉक्टरले दोन्ही संगच दाखवू.

तुहा,
लॅबवाला