खरा मेल अडकणार नाही, असा स्पॅम फिल्टर निवडा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने असोत, शहरातल्या पतसंस्था असोत की महाविद्यालयं, मेल सर्व्हर स्वतःचा असला की स्पॅम फिल्टर निवडणं आलंच. विक्रेता 'स्पॅम किती पकडतो' तेवढंच सांगतो. चुकून पकडलेल्या खऱ्या मेलचं काय होतं, हे आपण विचारलं पाहिजे.

मेल स्वीकारून नंतर गुपचूप पुसणारा फिल्टर अजिबात घेऊ नये. निविदेचा खुलासा बुडाला तरी दोन्हीकडे कुणाला पत्ता लागत नाही. अडवायचंच तर दारातच, एसएमटीपी संवाद (दोन सर्व्हरमधली मेल पोचवण्याची बोलणी) चालू असताना ५५० हा कायमच्या नकाराचा संकेत द्यावा. पाठवणाऱ्याला लगेच कळतं आणि तो फोन तरी करतो. स्वीकारून मग परत पाठवणंही घातक. स्पॅममधला 'प्रेषक' बहुधा खोटा असतो, परतीचा मेल भलत्याच माणसाच्या माथी जातो आणि काळ्या यादीत आपला सर्व्हर येतो.

मुक्तस्रोतात मुख्य पर्याय दोन. स्पॅमअसॅसिन २००१ पासूनचा, पर्लमध्ये लिहिलेला, मेलला संशयाचे गुण देऊन ५ गुणांवर तो स्पॅम ठरवणारा. आरस्पॅमडी सी भाषेतला, बराच वेगवान. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरला तो मिल्टर या जोडणीने ११३३२ पोर्टवर जोडता येतो, सोबत रेडिस हा डेटाबेस लागतो. नवी मांडणी असेल तर आरस्पॅमडी घ्यावा. जुना स्पॅमअसॅसिन नीट चालत असेल तर उगाच काढू नये.

आता मराठीचं. शिकवलेल्या मेलमधल्या शब्दांवरून स्पॅम ओळखणारी बेझ गाळणी किमान २०० स्पॅम आणि २०० खरे मेल शिकल्याशिवाय निकालच देत नाही. शिकवताना खरे मेल सगळे इंग्रजी आणि मराठीतल्या फक्त जाहिराती दिल्या, तर देवनागरी शब्दच संशयित ठरतात. म्हणून मराठी परिपत्रकं, देयकं, सभेच्या सूचना आवर्जून शिकवाव्यात. स्पॅमअसॅसिनचं भाषा ओळखणारं टेक्स्टकॅट चालू असेल तर मान्य भाषांमध्ये इंग्रजीसोबत मराठी-हिंदीही लिहावी.

सगळ्यात मोठा घोळ डीएनएसचा, म्हणजे इंटरनेटवरची नावं-पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेचा. स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरची स्पॅमहाउस संस्थेची मोफत यादी डीएनएसमधून विचारतात. ती ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरमार्फत) विचारली, तर १२७.२५५.२५५.२५४ हा त्रुटी दाखवणारा संकेत येतो. पोस्टफिक्समध्ये कोणतं उत्तर ग्राह्य धरायचं ते लिहिलं नसेल, तर तो यालाच 'यादीत आहे' समजतो आणि येणारा प्रत्येक मेल परत जातो! सर्व्हरवरच अनबाउंड हा आपला रिझॉल्व्हर बसवावा, आणि त्याने विचारणा पुढे न ढकलता स्वतः शोध घ्यावा.

आरस्पॅमडी ४ गुणांना ग्रेलिस्टिंग करतो, म्हणजे मेल तात्पुरता परत फिरवतो. पाठवणारा पुन्हा येईपर्यंत बँकेचा ओटीपी मरतो. अशा डोमेनना सूट द्यावी. पहिले काही आठवडे नकार बंद ठेवून फक्त मेलच्या हेडरमध्ये खूण करावी, मेल जंक फोल्डरमध्ये टाकावा आणि लॉग रोज वाचावा. १५ गुणांचा नकार त्यानंतर चालू करावा.

– मेल सर्व्हर सांभाळणारा एक वाचक, धरमपेठ, नागपूर