‘सिस्टर पाहिजेत’ म्हणजे नक्की कोण पाहिजे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत ‘सिस्टर पाहिजेत’ हा मजकूर सदान्‌कदा असतो. कधी राजारामपुरी, कधी शाहूपुरी, ताराबाई पार्क, नाहीतर इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज. ‘अनुभवी/अननुभवी चालतील, राहण्याची सोय, समक्ष भेटा’ आणि खाली मोबाइल नंबर. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसविका) हवी की जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र शिकलेली), काम वॉर्डात की लेबर रूममध्ये, पाळी किती तासांची, पगार किती, याचा पत्ता नाही. जाहिरातीतली ही मोघम भाषा पुढे नेमणूकपत्रातही उतरते (नेमणूकपत्र मिळालंच तर), आणि त्यात एएनएम झालेल्या मुलीचं सर्वांत जास्त नुकसान होतं. म्हणून हे पत्र.

आधी कोण कोण ते पाहू. बारावीनंतर २ वर्षांचा एएनएम, ३ वर्षांचा जीएनएम आणि ४ वर्षांची बीएस्सी नर्सिंग असे तीन अभ्यासक्रम. तिघींचीही नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली होते. एएनएमचं शिक्षण मुळात गावपातळीवरचं सरकारी आरोग्य उपकेंद्र डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं आहे. सपाटीवर ५,००० आणि डोंगरी भागात, म्हणजे गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडकडे, ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा शासनाचा निकष. गरोदर मातेची तपासणी, नॉर्मल प्रसूती, लसीकरण, गृहभेटी यांत ती तयार असते. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण एकटीने सांभाळण्याचं शिक्षण तिला मिळालेलं नसतं. तरी शहरातल्या काही खासगी रुग्णालयांत रुजू झाल्यावर आठवडाभरात तिची रात्रपाळी आयसीयूत लागते.

चौथा प्रकार म्हणजे सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग असिस्टंट’ कोर्सचं खासगी प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुली. परिषदेत त्यांची नोंदणी होत नाही. त्यांच्यावर आमचा राग नाही, फी भरून फसलेल्या त्याच असतात. पण गणवेश एकच, हाक एकच ‘ओ सिस्टर’, आणि सलाईन कोण लावतंय हे नातेवाइकांना कळायला मार्ग नाही. भाव मात्र नोंदणी नसलेल्या मुलीच्या पगारावर ठरतो. एएनएमने जास्त मागितले की ‘यापेक्षा कमीत मिळतात की’ हे उत्तर तयार असतं.

यातली खरी मेख पदनामात आहे. नर्सिंग होमच्या नोंदणीची तपासणी आली की एएनएम ‘स्टाफ नर्स’ असते, पगारपत्रकावर ‘ट्रेनी’ किंवा ‘हेल्पर’ असते, आणि दोन वर्षांनी सोडताना हातात पडतो तो ‘आमच्याकडे काम करत होत्या, वर्तणूक चांगली’ एवढाच कागद. दुसरीकडे अर्ज करताना हा कागद रद्दीच्या भावाचा. अनुभव प्रमाणपत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवरच हवं. त्यावर पदनाम, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, विभाग, रुग्णालयाची खाटांची संख्या, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा आणि जावक क्रमांक असावा. यांतलं एखादं राहिलं तर छाननीत अर्ज बाजूला पडू शकतो. ते दुरुस्त करून घ्यायला जुन्या मालकाच्या दारात जाणं किती अवघड असतं, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. म्हणून हे सगळं सोडताना नव्हे, रुजू होतानाच बोलून घ्यायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक केलं आहे, तेव्हा ते मागण्यात आगाऊपणा काही नाही.

मुलाखतीला जाताना मूळ कागद दाखवायचे आणि परत पिशवीत टाकायचे. ‘ओरिजिनल इथेच राहू दे, सोडताना देऊ’ म्हणणारी रुग्णालयं आहेत. बॉण्डची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या लेखी हमीची) रक्कम वसूल करायची असेल तर त्याला न्यायालयाचा रस्ता आहे. मार्कलिस्ट कपाटात कोंडणं हा रस्ता नव्हे. झेरॉक्स देतानाही तिच्यावर आडवं लिहावं: ‘फक्त अमुक रुग्णालयातील नोकरीच्या अर्जासाठी’, तारीख आणि सही. हे सांगायचं कारण असं की, मुलाखतीला येऊन गेलेल्या मुलीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत ठेवून तिला कागदोपत्री आपल्याकडे नोकरीला दाखवण्याचे प्रकार घडतात. तिला ते दुसरीकडे रुजू होताना समजतं. काही जणी तर महिन्याला थोडे पैसे घेऊन स्वतःच प्रमाणपत्र ‘लावायला’ देतात. तिथे काही बरंवाईट झालं तर नाव तिचं निघणार, आणि ती त्या रात्री तिथे नव्हतीच हे सिद्ध करायचं तिनेच.

नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी असतं. लग्न, बाळंतपण, सासर बदललं की नेमकं तेच राहून जातं. दुसरा घोळ नावाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, परिषदेकडे जुनंच. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी हातात ठेवून परिषदेकडचं नाव आधी बदलून घ्यावं. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ केली की मुदत निघून जाते.

आता पगार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या: २०० हून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, १०० हून अधिक खाटांना त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी दरमहा २०,००० रुपयांच्या खाली नाही. या शिफारशीच राहिल्या. कोल्हापुरातली बोलणी यापेक्षा बरीच खाली सुरू होतात, हे या पेशातल्या कुणालाही ठाऊक आहे. किमान वेतन मात्र शिफारस नाही, कायदा आहे. तो रुग्णालयांनाही लागू आहे आणि त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. कमी मिळत असेल तर अर्ज सहायक कामगार आयुक्त कार्यालयात करायचा.

पगारचिठ्ठी वाचायला शिकणं त्याहून महत्त्वाचं. १४,००० रुपये वेतन धरा. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं (वेतनाची मर्यादा २१,०००). तिचा वाटा ०.७५ टक्के, म्हणजे १०५ रुपये, मालकाचा ३.२५ टक्के, म्हणजे ४५५. पीएफ २० कर्मचाऱ्यांपासून. तिचा १२ टक्के वाटा १,६८० रुपये. हातात १२,२१५ यायला हवेत. त्यापेक्षा कमी येत असतील तर दोन जागा तपासा. एक, मालकाचा वाटाही तिच्याच पगारातून कापला जातोय का. दोन, व्यवसाय कराचे २०० रुपये. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंत व्यवसाय कर नाही, तरी जुन्या सवयीने तो कापला जातो. पीएफ खरंच भरला जातोय का, ते उमंग अॅपवर पासबुक उघडून दर तीन महिन्यांनी बघावं. कपात होते आणि भरणा होत नाही, असंही घडतं.

रात्रपाळीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नोकरी जाते ती बहुधा तिथे. पाळी रात्री ८ ते सकाळी ८. फोनवर ऑर्डर येते: ‘इन्सुलिन १० युनिट दे.’ आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन ताकदीच्या येतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारंगी टोपणाची. फ्रिजमध्ये कुपी १०० ची आहे आणि ट्रेमध्ये लाल टोपणाच्याच सिरिंज उरल्यात. दहाच्या रेघेपर्यंत औषध ओढलं की ते पाव मिलिलिटर होतं, म्हणजे रुग्णाच्या अंगात १० नाही, २५ युनिट जातात. मध्यरात्रीनंतर तो घामाने भिजतो, हाकेला ओ देत नाही. सकाळी फाइल उघडली की सही दिसते ती सिस्टरची. दोन्ही प्रकारच्या कुप्या एकाच कप्प्यात कुणी ठेवल्या, हे फाइलमध्ये कुठेच नसतं. म्हणून कुपीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळल्याशिवाय सुई टोचायची नाही. फोनवरची ऑर्डर मोठ्याने परत वाचून दाखवायची, वेळ आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं, सकाळच्या राउंडला त्यावर त्यांची सही घ्यायची. सही द्यायला कुरकुर होते, पण घ्यायचीच.

मुलाखतीतही हेच विचारलं जातं, आणि चांगल्या ठिकाणी तर हमखास: ५०० मिलि सलाईन ८ तासांत द्यायचंय, साध्या सेटने मिनिटाला किती थेंब? साध्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिलि, म्हणून ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, साधारण २१ थेंब. सेटच्या पाकिटावर दर मिलिला किती थेंब ते छापलेलं असतं. मायक्रो सेटचे ६० असतात. ज्या ठिकाणी असला एकही प्रश्न न विचारता ‘उद्यापासून या’ म्हणतात, तिथे जरा थांबून विचार करावा.

रुग्णाला वापरलेली सुई चुकून स्वतःला टोचल्यास बोट दाबून रक्त काढत बसायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, इन्चार्जना सांगून नोंद करायची आणि सीपीआर (कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय) गाठायचं. एचआयव्ही प्रतिबंधाची गोळी शक्यतो २ तासांत, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवी आणि ती २८ दिवस चालते. कावीळ ‘बी’ची लस ०, १ आणि ६ महिने अशी तीन वेळा. हा खर्च रुग्णालयाने करायचा असतो. रुजू होताना ‘लस देता का?’ एवढं विचारलं तरी समोरच्याचा चेहरा बरंच सांगून जातो.

कर्मचाऱ्यांवरचा हल्ला हा २०१० च्या राज्याच्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे. तक्रार रुग्णालयाने द्यावी, सिस्टरला एकटीला पुढे करू नये. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी १० कर्मचाऱ्यांपासून अंतर्गत समिती हवी. नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

सरकारी वाट अरुंद आहे, पण आहे. जिल्हा परिषदेच्या २०२३ च्या भरतीत एएनएमचं पद ‘आरोग्य परिचारिका’ या नावाने होतं. ‘एएनएम’ शब्द शोधत बसलेल्या कित्येकींच्या नजरेतून जाहिरातच सुटली असेल. परीक्षा १०० प्रश्न, २०० गुणांची; त्यांत ४० प्रश्न तांत्रिक, बाकीचे मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन-गणिताचे. रात्रपाळ्या करणाऱ्या मुली तांत्रिक भागात कमी पडत नाहीत, गणितात पडतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जागा कंत्राटी असतात, एका वर्षाच्या आत संपणारा करार आणि मग पुन्हा नवा. तिथल्या अनुभवाचा कागद मात्र निर्विवाद चालतो, आणि बऱ्याच खासगी नोकऱ्यांपेक्षा एवढ्यासाठी तरी ती बरी.

परदेशाबद्दल दोनच ओळी. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये ‘लायसन्स्ड व्होकेशनल नर्स’ हा परवाना असतो, इतर राज्यांत त्यालाच ‘प्रॅक्टिकल नर्स’ म्हणतात. ‘तुमची एएनएम म्हणजे तीच’ असं सांगून पैसे उकळणारे एजंट फिरतात. तो परवाना तिथल्या मंडळाने शिक्षण मान्य केल्यावर आणि एनक्लेक्स-पीएन परीक्षा पास झाल्यावरच मिळतो. एएनएमचं प्रमाणपत्र दाखवून नव्हे. एजंटाचा परवाना केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो, आणि त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

आपल्याकडे विनंती एवढीच. ‘सिस्टर पाहिजेत’ची जाहिरात घेताना आपल्या जाहिरात विभागाने रुग्णालयाला चार गोष्टी विचाराव्यात: पद, नोंदणी, पाळी, पगार. मजकूर फार वाढत नाही: ‘एएनएम, २ जागा, परिषदेची चालू नोंदणी आवश्यक. प्रसूती विभाग, ८ तासांची पाळी. वेतन दरमहा अमुक, पीएफ व ईएसआय. नेमणूकपत्र रुजू होण्याच्या दिवशी.’ दोन-तीन ओळी जास्त लागतील, तेवढे पैसे रुग्णालयांना जड नाहीत.

आपल्या विश्वासू,
काही नोंदणीकृत परिचारिका, कोल्हापूर