आजीची चिंचपेटी मोडीत घालू नका

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, आजीच्या चिंचपेटीचा, म्हणजे गळ्यालगत घालायच्या त्या मोत्यांच्या दागिन्याचा, दोरा तुटला आणि काही पेट्या हरवल्या, म्हणून सराफ कट्ट्यावर तिची मोड घालायचा सल्ला मिळाला म्हणालात. कृपा करून थांबा. मोडीत फक्त सोन्याचं वजन धरतात. मोती, खडे, आतली लाख वजा होते आणि घडणावळीचं काहीच मिळत नाही. आपल्या चिंचपेटीत सोनं मुळात थोडं आहे. तिचं मोल बसरा मोत्यांत आणि कुंदनाच्या कामात (शुद्ध सोन्याच्या पत्र्याने खडे बसवण्यात) आहे, आणि तेच दोन्ही मोडीत जाईल.

शिवाय ही नुसती चिंचपेटी नाही. ती लहान-लहान सुट्या पेट्या ओवून केलेली आहे, आणि मधलं पदक मळसूत्रावर, म्हणजे आटे पाडलेल्या दांड्यावर बसतं. ते काढून मोत्यांच्या पोतीत अडकवलं की तन्मणी होतो, आणि उरलेल्या पाच-पाच पेट्यांचे दोन बाजूबंद. म्हणून आधी नक्की काय हरवलंय ते ठरवायला हवं. मी घेतलेली मापं अशी: पदक १६ मिलिमीटर रुंद. उजवीकडे १४, १३, १२, ११ आणि पुढे काही नाही. डावीकडे १४, १३, मग एकदम ११ आणि १०. म्हणजे डावीकडची १२ची आणि उजवीकडची शेवटची १०ची पेटी गेली. शेवटच्या पेटीचं काम वेगळं असतं, तिच्या मागच्या, दोरा ओवायच्या दोन नळ्या एका कडीत येतात आणि त्या कडीला सरफास (मानेमागे बांधायची दोरी) बांधतात. डावी १० आपल्याकडे आहे, तिची आरशातली जोडी करायची. डाव्या १२ला उजव्या १२चा नमुना आहे. तिसरी हरवलेली वस्तू म्हणजे पदकामागची फिरकी, दांड्यावर फिरवून पदक घट्ट करायची चकती.

आई, तू एवढंच कर. डब्यातला कापूस आणि तळाचा कचरा टाकू नकोस. बारीक मोती आणि फिरकी तिथेच सापडतात. पांढऱ्या ताटात ओतून बघ. आणि चिंचपेटी धुऊ नकोस. रिठा, चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांतलं काहीही नको. आंबटाने मोत्याचा वरचा थर विरघळतो, तो परत येत नाही. खड्यांच्या मागे बंद कोंदणात चकचकीत पत्रा असतो, त्याला डाक म्हणतात. २०१९च्या पुरात डब्यात पाणी गेलं ते तिथवर पोचलं, म्हणून तीन खडे काळपट दिसतात. खडे खराब झालेले नाहीत, डाक काळी पडली आहे. पुन्हा पाणी लागलं तर उरलेलेही तसेच होतील. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटक, बस्स.

लाल खडे खाणीतले माणिक नसले तरी वाईट वाटून घेऊ नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वितळवून केलेलं माणिक बाजारात आलं आणि जुन्या दागिन्यांत ते सर्रास सापडतं. दहापट भिंगातून आत वाकड्या रेषा आणि गोल बुडबुडे दिसले, की ओळखावं. माझ्या मते ते बदलूच नयेत, आजीने तेच घातले होते.

आता कारागिराला काय सांगायचं ते. पेटीजवळ आच अजिबात नको. लाख थोड्या उष्णतेनेही मऊ होते, मोती करपतो. कडी झाळायची असेल तर ती पेटीपासून सुटी करूनच, नाहीतर लेसर वेल्डिंगने. नव्या पेट्या साचा घेऊन ओतायला तो सुचवेल, ते स्वस्त पडतं. पण रबरी साच्याला उष्णता आणि दाब लागतो, त्यात जुनी पेटी जाईल. शिवाय ओतकाम आटतं, म्हणजे १२ची पेटी १२ची राहत नाही आणि कडा बोथट येतात. हातानेच घडवायची. जुन्या सोन्याचा कस आधी काढायचा, कारण तांबं-चांदीचं प्रमाण चुकलं की नवी पेटी रंगावरून लांबून कळते. कस मोजायचं मशीन फक्त वरवरचा थर वाचतं, आणि वर कुंदनाचं शुद्ध सोनं आहे. म्हणून कस मागच्या पत्र्यावर, कुंदनापासून दूर बघायला सांगा. नव्या पेट्यांच्या पाठीवर बारीक अक्षरांत घडवल्याचं साल कोरून घ्यायचं, म्हणजे पुढच्या पिढीला जुनं-नवं कळेल. हॉलमार्कचा आग्रह कुणी धरला तर सांगा, कुंदन आणि जडावाच्या दागिन्यांना त्या सक्तीतून सूट आहे.

खरी अडचण फिरकीची आहे. जुने आटे हाताने पाडलेले, आजची कुठलीच तयार फिरकी त्यांवर बसत नाही. जबरदस्तीने फिरवली तर पदकाचे आटे झिजतील आणि मग पदक बसणारच नाही. पट्टी लावून ५ मिलिमीटरमध्ये किती आटे येतात ते मोजायचं, आणि त्या मापाने नवी फिरकी कापून घ्यायची. सोनं पदकाच्या दांड्याइतकंच मऊ किंवा थोडं अधिक मऊ हवं. झीज फिरकीची व्हावी, दांड्याची नाही. फिरकी पुन्हा करता येते. किमान चार आटे पकडले पाहिजेत.

गाठवणं पटवेकऱ्याकडूनच, रेशमात. पण त्याआधी सगळ्या नळ्यांची तोंडं घासून गोल करून घ्यायची. जुना दोरा कुजला होताच, तरी तुटला मात्र नेमका नळीच्या धारेवर. ती धार तशीच राहिली तर नवं रेशीमही तिथेच तुटेल. मोत्यांची भोकं मोठी करू देऊ नका, दोरा बारीक घ्यायचा. नवे मोती पांढरेशुभ्र मिळतात, त्यांतले किंचित पिवळसर निवडायचे. जुने उजळवायचे नाहीत.

बाजूबंदाची सोय असू द्या, पण वापरू नका. हात कोपरात वाकवला की दंड फुगतो, मानेपेक्षा कितीतरी जास्त ताण दोऱ्यावर येतो. पेट्या बहुधा तशाच हरवल्या असाव्यात.

कुरिअरने पाठवू नका, मी स्वतः न्यायला येते. तोवर प्रत्येक पेटी वेगळ्या मलमलीत गुंडाळून क्रमाने ठेवा, प्रत्येकीवर उजवी-डावी आणि माप लिहा. आणि आई, गळ्याचं माप चपट्या फितीने घेऊन कळव, दोन बोटं आत जातील इतकं सैल. त्यावर सरफासाची लांबी ठरवता येईल.

तुमची,
धाकटी