ॲनिमेशन दोन्ही, पण प्रेक्षक एकच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टीत मुलांना काय दाखवावं याची जी यादी रविवारच्या पुरवणीत आली होती त्यात 'माय नेबर टोटोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हे दोन जपानी ॲनिमेशन सिनेमे एकाखाली एक होते आणि दोन्हींसमोर 'सहकुटुंब बघा' एवढंच लिहिलेलं. यादीवर विश्वास ठेवून कुणी पाच-सहा वर्षांच्या पोराला शेजारी बसवून दुसरा सिनेमा लावला असेल तर त्या घरात काय झालं असेल याचा विचार करून मी हे पत्र लिहितेय. तो सुरूच होतो सप्टेंबर १९४५ मध्ये, कोबेच्या सान्नोमिया स्टेशनवर, खांबाला टेकून बसलेला एक मुलगा उपासमारीनं मरतो, त्याच्याजवळची गोळ्यांची डबी कुणीतरी बाहेर भिरकावतं आणि त्यातून त्याच्या लहान बहिणीची हाडं सांडतात. ही पहिली काही मिनिटं झाली फक्त.

गडबड का झाली ते कळतं. दोन्ही स्टुडिओ जिब्लीचे, जपानमध्ये १६ एप्रिल १९८८ ला दोन्ही जोडीनं लागलेले, एकाच तिकिटात. टोटोरो हायाओ मियाझाकींचा, दुसरा इसाओ ताकाहातांचा. आणि आपल्याकडे चित्र हललं की ते पोरांचंच असं धरूनच चालतात. शिनचॅनचं तेच झालं ना, जपानमध्ये तो १९९० मध्ये मोठ्या माणसांच्या मँगा (जपानी कॉमिक्स) साप्ताहिकात सुरू झाला, आपण तो मुलांना जेवताना लावून दिला आणि मुलं तसंच बोलायला लागल्यावर तक्रारी केल्या.

पण मला त्याहून जास्त खटकतं ते वेगळंच. 'ग्रेव्ह' मोठ्यांसाठी आहे असं सांगितलं की लोक लगेच म्हणतात, मग तोच खरा सिनेमा, टोटोरो काय, गोड आहे, लहान मुलांचा आहे. हे मला अजिबात पटत नाही.

दोन्हीत चार वर्षांची एक मुलगी आहे, टोटोरोत मेई, 'ग्रेव्ह'मध्ये सेत्सुको. दोघींना एकेक मोठं भावंड, मेईला बहीण सात्सुकी आणि सेत्सुकोला भाऊ सेइता, दोघींची आई जवळ नाही. आणि चार वर्षांचं मूल कसं बसतं, कसं हट्टाला पेटतं, झोप आली की कसं अंग टाकतं हे दोन्हीकडे सारखंच बारकाईनं काढलंय. बसस्टॉपचा सीन बघा. रात्र, पाऊस, मेई पाठीवर झोपलेली, सात्सुकी बाबांची वाट बघत उभी, शेजारी टोटोरो, म्हणजे जंगलातला तो अवाढव्य केसाळ प्राणी, येऊन उभा राहतो डोक्यावर एक पान घेऊन. ती बाबांसाठी आणलेली छत्री त्याला देते, झाडावरचे थेंब छत्रीवर टपटप वाजतात आणि त्याला तो आवाज इतका आवडतो की तो जोरात उडी मारतो आणि अख्ख्या झाडाचं पाणी एकदम खाली येतं. ना व्हिलन ना मारामारी, तरी लहान मूल जागचं हलत नाही. हे जमवणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या चॅनलवरची बाकीची कार्टून्स तासभर बघावीत.

आणि टोटोरोत भीती नाही असंही नाही. आई हॉस्पिटलमध्ये आहे, आजाराचं नाव सिनेमात कुठंच येत नाही (मियाझाकींची स्वतःची आई मणक्याच्या टीबीनं कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती), मग तार येते आणि तोपर्यंत सगळं घर सांभाळणारी सात्सुकी, आई मेली तर काय, असं म्हणून ढसाढसा रडते. सात वर्षांच्या मुलाला ते पूर्ण कळतं. फक्त मियाझाकी त्याला तिथंच सोडून देत नाहीत, कॅटबस म्हणजे मांजराच्या रूपातली बस येते, दोघी बहिणी झाडावर बसून खिडकीतून आईला हसताना बघतात.

ताकाहातांच्या सिनेमात कुणीच येत नाही. भाऊबहीण दोघंही मरणार हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे आपण वाचतील का याची वाट बघत नाही, आपण बघत राहतो की सेइता लांबच्या नात्यातल्या मावशीच्या घरातून का निघाला, परत का गेला नाही, मावशी दुष्ट की तीही बिचारी रेशनवर घर चालवणारी. गोळ्या संपल्यावर तो डबीत पाणी घालून देतो, सगळ्या चवी एकत्र लागतात म्हणून सेत्सुको खूष होते, आणि पुढे तीच काचेच्या गोट्या तोंडात घेऊन चघळत असते, गोळ्या समजून. लहान मुलाला इथं फक्त एवढंच कळेल की ती मुलगी मेली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला सेइताची चूक आणि त्याचा स्वाभिमान दोन्ही कळेल, कारण सेइता स्वतःच चौदाचा आहे. ताकाहाता नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले होते, मूळ कथा लिहिणाऱ्या अकियुकी नोसाकांची छोटी बहीण १९४५ मध्ये कुपोषणानं गेली होती. असल्या अनुभवातून आलेला सिनेमा लहान मुलांच्या यादीत टाकणं हा त्या मुलांवरही अन्याय आणि सिनेमावरही.

वयाची पाटी असते हे मान्य, २०२१ च्या नियमांपासून ओटीटीवर सात, तेरा, सोळा असे आकडे येतात, २०२४ पासून थिएटरच्या सर्टिफिकेटवरही. पण ती पाटी बघतो कोण, पेपरात नाव आलं की लोक डोळे झाकून लावतात, म्हणून जबाबदारी तुमचीही आहे.

एवढंच करा, पुढच्या यादीत प्रत्येक सिनेमाखाली तो कुणासाठी केलाय हे एका ओळीत लिहा. 'ग्रेव्ह' कॉलेजच्या मुलांच्या पानावर घ्या आणि त्यावर नीट मोठं लिहा. टोटोरो मुलांच्याच पानावर राहू दे, पण त्याच्यावरही तेवढंच मोठं लिहा.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक