माटिल्डेच्या नावावरून

चिऊ बाळा,

त्या दिवशी तू फोनवर बाळाचं नाव सांगितलंस आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन बाबांकडे दिला, ते तुला लागलं हे कळलंय मला. मला मीरा, इरा असं काहीतरी ऐकायची आस होती गं, आणि माटिल्डे ऐकल्यावर पोटात एकदम खड्डाच पडला, वाटलं ही नात आता आपली राहिली नाही. चुकलंच माझं. मग चार दुपारी मी त्या नावाच्याच मागे लागले, मोबाईलवर वाच वाच वाचलं.

जुन्या जर्मनमध्ये माख्त म्हणजे शक्ती, जावईबापू आजही तोच शब्द वापरत असतील, आणि हिल्ड म्हणजे लढाई. म्हणजे रणरागिणीच की आपली! पण ते लोक दोन शब्द जोडून त्याचा सरळ अर्थ निघालाच पाहिजे असं काही धरायचे नाहीत, गुनहिल्ड नावात तर दोन्हीकडे लढाईच आहे. आईच्या नावातला एक तुकडा, वडिलांच्या नावातला एक, असंही करायचे. इंग्लंडात वुल्फस्टन नावाचे बिशप होऊन गेले, त्यांची आई वुल्फगिफू आणि वडील एथेलस्टन, घे, जोडून बघ. तुझ्या मावशीनं नाही का दोघांच्या नावातली अक्षरं घेऊन पोराचं नाव ठेवलं, अगदी तस्संच.

आणि एक माटिल्डा तर माझ्या मनातून जातच नाहीये. इंग्लंडच्या राजाची लेक, जन्म 1102 चा, आठ वर्षांची असताना लग्न ठरवून तिला जर्मनीला पाठवून दिली. आठ वर्षांची गं! तू तर सव्वीसाव्या वर्षी गेलीस तरी मी एअरपोर्टवर काय केलं ते तुला माहितीये. पुढे नवरा गेला, ती परत आली, वडिलांच्या मागे गादी तिची होती पण आतेभाऊ स्टीफननं बळकावली, तेव्हा लढली ती. 1142 च्या डिसेंबरात ऑक्सफर्डच्या किल्ल्याला त्याचा वेढा पडलेला, तर ही रात्री चार-दोन माणसं घेऊन, बर्फात दिसू नये म्हणून पांढरं पांघरून, गोठलेल्या नदीवरून चालत निसटली. मला तर वाचताना आपला पन्हाळाच आठवला. तिला स्वतःला मुकुट कधी मिळाला नाही, पण 1154 मध्ये तिचा मुलगा हेन्री राजा झाला.

आता काम सांगते. तुझ्या जुन्या मऊ साडीचं दुपटं शिवलंय, कडेला गुलाबी दोऱ्यानं नाव भरायला घेतलंय, "मा" भरून झाला. "टि" ऱ्हस्व की दीर्घ ते जावईबापूंना नीट म्हणायला सांग आणि रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठव, शेवटचा "डे" ते कितपत उच्चारतात तेही ऐकव. बारशाला कानात कुर्र करताना मला ते बरोब्बर म्हणायचंय.

तुझी,
आई