‘व इतर’ म्हणजे कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ एप्रिलच्या अंकातला आपल्या गावच्या अग्निशमन दलाचा ‘गौरवशाली इतिहास’ वाचला. कोणता बंब कोणत्या नगराध्यक्षांच्या कारकिर्दीत आला, नारळ कोणी फोडला, फीत कोणी कापली, सगळं तारीखवार आहे. आगी कोणी विझवल्या, तेवढं राहिलं.

१४ एप्रिल हा अग्निशमन दिन पाळतात तो १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये प्राण गमावलेल्या ६६ अग्निशामक जवानांसाठी. ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीत दारूगोळा होता, तशाच कापसाच्या गाठीही. पाण्याचा मारा चालू असतानाच ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. कापसाची आग काय चीज असते, हे आपल्या जिनिंगच्या गावाला सांगायला नको. वरून विझलेली दिसते, गाठ आत धुमसत राहते. पट्ट्या तोडून, गाठ फोडून भिजवावी लागते.

मी सातवीत असताना स्टेशनापलीकडच्या कापसाच्या जिनात आग लागली. बंब घेऊन गेले ते आमच्या आळीतले ड्रायव्हरकाका. टाकी बघता बघता रिकामी झाली, मग जिनाच्या हौदात पाइप सोडला. हमाल आकड्यांनी गाठी बाहेर ओढत होते, काका पंपापाशी. तीन दिवस घरी नाहीत. डबा मी न्यायचो. चौथ्या दिवशी आले ते पापण्या जळालेल्या. काकूंनी आधी मनसोक्त बोलून घेतलं, मग खोबरेल लावलं. हे काका शेवटपर्यंत रोजंदारीवर होते. गौरवशाली इतिहासात हेही बसवता आलं तर बघा.

आपल्या लेखात त्याच बंबाचा हार घातलेला फोटो आहे. बॉनेटला टेकून उभे आहेत ते काका. खालच्या ओळीत सहा मान्यवरांची नावं आणि शेवटी ‘व इतर’. काकांचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. बंबाचा नंबर शोधलात, तसं तेही शोधा. आळीत कोणालाही विचारा.

जाता जाता, बंबखान्याच्या दारात गाड्या लागतात म्हणून पालिकेला झोडपलंत, फार बरं केलंत. रोज पहाटे त्याच दारात अर्धा अर्धा तास उभा राहणारा टेम्पो आपल्याच अंकाचे गठ्ठे उतरवत असतो.

कळावे,
एक जुना वर्गणीदार