पाटा वाढवण्याआधी काटा करून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कांद्याचा हंगाम तोंडावर आला की आमच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या पाटे-स्प्रिंगच्या दुकानांत गर्दी सुरू होते. पाटे म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या, चाकांजवळच्या लवचीक लोखंडी पट्ट्या. मार्केट यार्डात माल नेणारे छोटे टेम्पो, पिकअप तर असतातच. अलीकडे घरगुती मोटारी आणि सात सीटच्या व्हॅनही रांगेत दिसतात. कुणी मागच्या सीट काढून चादरी-टॉवेलचे गठ्ठे भरतो, कुणी गाडीला बाहेरून सीएनजी बसवून घेतलेला असतो, कुणाला घरची सगळी माणसं घेऊन गाणगापूरला जायचं असतं. मागणं मात्र एकच: "मिस्त्री, गाडी मागून बसतीय, काहीतरी टाकून उचलून द्या की."

उचलून देता येते, त्यात काही अवघड नाही. पण गाडी उचलली म्हणजे तिची वजन न्यायची ताकद वाढली, असा लोकांचा पक्का समज झालाय आणि आमच्या धंद्यातले बरेच जण तो खोडत नाहीत. म्हणून हे पत्र.

गाडी किती वजन नेऊ शकते हे एकट्या स्प्रिंगवर ठरत नाही. अ‍ॅक्सल (दोन्ही बाजूंची चाकं ज्यावर बसतात तो दांडा), बेअरिंग, टायर, ब्रेक सगळं तेच राहतं, आपण फक्त मधला एक भाग कडक करतो. टायरचंच बघा. टायरच्या कडेला मापाच्या पुढे एक आकडा असतो. 82 असेल तर तो टायर पूर्ण हवेवर 475 किलो पेलतो, 88 असेल तर 560. मागच्या दोन 82 नंबरी टायरांवर मिळून साडेनऊशे किलोच्या वर जाता येत नाही. खाली पाटा एक असो की पाच, टायरला त्याचं काही नाही.

दुसरी गोष्ट, माल कुठे ठेवला. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांत 240 सेंटिमीटर अंतर आहे आणि मागच्या चाकांच्याही पाठीमागे 60 सेंटिमीटरवर तुम्ही 100 किलोचा गठ्ठा ठेवला. मागच्या अ‍ॅक्सलवर 125 किलो येतात आणि पुढच्या चाकांवरचे 25 किलो कमी होतात. पुढचा भाग हलका झाला की स्टिअरिंग पातळ लागतं आणि पुढचे ब्रेक धरायला कमी पडतात. तुळजापूरच्या घाटात उतारावर याचा अर्थ काय होतो, हे ड्रायव्हरला सांगायला नको. जड माल सीटच्या पाठीला टेकवून, खाली ठेवला तर निम्म्या गाड्यांना माझ्याकडे यायची गरजच पडणार नाही.

ब्रेकवरून आणखी एक. बऱ्याच व्हॅन-पिकअपच्या मागच्या ब्रेकलाइनवर एक व्हॉल्व्ह असतो. त्याची काडी मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली असते. गाडी मालाने खाली बसली की व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेक जास्त सोडतो, रिकामी असली की कमी. आपण कडक पाटा टाकून गाडी वर धरली की भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामी वाटते. पाटा वाढवल्यावर ही काडी पुन्हा सेट करावी लागते. दुकानात हे विचारणारं गिऱ्हाईक विरळा, आणि आपणहून करून देणारा मिस्त्रीही विरळाच.

कॉइल स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर अडकवणं हा सध्या सगळ्यांत स्वस्त इलाज. त्याने तेवढा वेढा काम करायचा थांबतो, स्प्रिंग कडक होते आणि सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर जातो. पाट्यांचं गणित तर लोकांना खरंच वाटत नाही. पाट्याची जाडी 7 मिलिमीटरवरून 8 केली तर कडकपणा जवळजवळ दीडपट होतो. म्हणजे "एक मिलिमीटरने काय होतंय" म्हणून टाकलेला जाड पाटा बाजूच्या पातळ पाट्यांशी जुळत नाही. तुटलेला पाटा हातात घेऊन त्याचा काप बघा. सेंटर बोल्टच्या, म्हणजे सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या, भोकाशेजारी नखाएवढा भाग काळपट, गंजलेला असतो आणि बाकीचा राखाडी, दाणेदार, चकचकीत. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. ती कित्येक दिवस वाढत होती. चकचकीत भाग त्या दिवशी तुटला.

स्प्रिंग बदलूच नये असं माझं म्हणणं नाही. सीएनजीची लोखंडी टाकी साठ किलोच्या आसपास असते आणि ती कायम डिकीत राहते. स्प्रिंग जुन्या होऊन बसल्या असतील तर दोन्ही बाजूंच्या एकदम बदला. त्याच मॉडेलची कंपनीची सीएनजी गाडी निघत असेल तर तिच्या स्प्रिंग तुमच्या गाडीला बसतात का, ते आधी विचारा. सोबत शॉकअपही बघून घ्या. शॉकअप वजन उचलत नाही, स्प्रिंगची उसळी आवरतो. कडक स्प्रिंगला थकलेला शॉकअप आवरू शकत नाही. आणि फार कडक करू नका. रिकामी गाडी स्पीडब्रेकरवर मागून उडते आणि पावसात तेच चाक घसरतं.

हे सगळं करूनही कागदावरचं वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या मूळ नोंदींपेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी करता येत नाही. मालवाहू गाडीत जादा भार सापडला तर कलम 194 खाली 20,000 रुपये दंड आणि वर जादा भाराच्या दर टनामागे 2,000.

म्हणून माझी विनंती अशी. बाजार समितीने हंगामात आपल्या वजनकाट्यावर छोट्या गाड्यांचं वजन फुकट करून द्यावं, आणि नुसतं एकूण नको: आधी फक्त मागची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, दोन्ही आकडे पावतीवर. रिकामी एकदा, भरलेली एकदा. आरटीओने पासिंगच्या रांगेत टायरचा नंबर आणि ती ब्रेकची काडी एवढं तरी गाडीमालकाला दाखवावं. आणि माझ्या धंदाबंधूंनो, पावती बघितल्याशिवाय पाटा वाढवू नका. मी ती मागतो. नसेल तर आधी काट्यावर पाठवतो, गिऱ्हाईक रागावून शेजारच्या दुकानात गेलं तरी.

आपला,
एक पाटे-स्प्रिंग मिस्त्री,
अक्कलकोट रोड, सोलापूर